झाडं बघायला आलेले पाहुणे

आमच्या फळबागेतून दोन माणसं शेजारीशेजारी चालू लागली, तर एकाचा खांदा कंपाऊंडच्या भिंतीला घासायचा. तरी आम्ही तिला बागच म्हणायचो. दादरला आमच्या आजोबांची वाडी होती, नारळीपोफळींची आणि पानवेलींची. ती तुकड्यातुकड्याने विकली गेली, तिच्यावर तीनमजली इमारती उठल्या आणि आमच्या वाट्याला राहिलं ते एक बैठं घर, मागची विहीर आणि विहिरीपासून शेजारच्या चाळीपर्यंत गेलेली ती चिंचोळी पट्टी. माझ्या वडिलांना, दादांना, वाडीचं दुःख आजोबांपेक्षा जास्त होतं. फोर्टातल्या ऑफिसात दिवसभर टेबलाशी बसणारा हा माणूस घरी आला की बूट काढून आधी मागच्या दारी जायचा आणि मग चहाला यायचा. एवढ्याशा जागेत झाड वाढवायचं कसं, हे कोडं त्यांना त्यांच्या साहेबाच्या मलबार हिलवरच्या बंगल्यात सुटलं. तिथे भिंतीलगत तारा ओढून लिंबाची झाडं त्यांवर पसरून बांधली होती, जणू वाळत घातलेले कपडे. दादा त्या दिवशी घरी आले ते चहा न घेताच भिंत मोजायला गेले, आणि टेपचं दुसरं टोक धरायला त्यांनी मला हाक मारली. त्यांना मुलगा नव्हता. मी एकटीच, शालू. पण मुलगा नव्हता म्हणून मला बोलावलं असं मला त्या वयात कधी वाटलं नाही. मला वाटायचं, टेप धरावा तर माझ्याइतका सरळ दुसऱ्या कुणाला धरताच येत नसणार.

भिंतीत लोखंडी पट्ट्या बसवून आम्ही तारा ताणल्या, एकीवर एक. खड्ड्यांना चारी बाजूंनी विटा लावल्या, म्हणजे मुळं फार पसरायची नाहीत आणि झाड ठेंगणंच राहील. मग अंजीर आले, डाळिंबं आली, पेरूची आणि कागदी लिंबाची कलमं आली. रोप पहिल्या तारेपर्यंत पोचलं की त्याचा शेंडा खुडायचा. मग बाजूंनी फुटवे येतात. त्यांतला एक डावीकडे, एक उजवीकडे तारेवर निजवायचा आणि तिसऱ्याला वर जाऊ द्यायचं, दुसऱ्या तारेपर्यंत. बांधायला सुतळी चालत नाही, ती सालीत रुतते. आम्ही दादांच्या जुन्या धोतरांच्या पट्ट्या वापरायचो, आणि आई म्हणायची, घरात माणसाच्या अंगावर धड धोतर नाही आणि झाडं बघा कशी नटलीत. शेजारच्या चाळीतल्या तारामावशी गॅलरीतून वाकून बघायच्या आणि कळवळायच्या, "अगो, त्या झाडांचे हातपाय कित्याक बांधलास? काय गुन्हा केल्यानी?" तारामावशी मालवणच्या. त्यांचे यजमान परळच्या मिलमध्ये होते. वाकडं बोलायच्या, पण अंजीर पिकले की पहिली वाटी आई त्यांच्याकडेच पाठवायची.

पाणी हे माझं खातं. विहीर होती, पण तिच्यावर डासांसाठी जाळीचं झाकण बसवलेलं, त्यामुळे बादली सोडायची ती एका छोट्या फडताळासारख्या दारातून. उन्हाळ्यात पाणी खोल जायचं आणि मचूळ लागायचं. समुद्र लांब नव्हता. भांडं भरून ओतलं तर अर्धं पाणी विटांवरूनच वाहून जायचं, म्हणून दादांनी मडक्यांची युक्ती काढली. प्रत्येक झाडाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, बुडाला खिळ्याने पाडलेलं बारीक भोक आणि त्यात सुताची वात. मडकं भरलं की पाणी झिरपत झिरपत मुळांना मिळत राहतं. तोंडावर खापरीचं झाकण. सकाळी आईच्या पाट्यावर नारळ वाटल्याचा घर्र घर्र आवाज सुरू व्हायचा तेव्हा माझी मडकी भरून होत आलेली असायची. न्हाणीचं पाणी अळूला आणि केळीला जायचं. कोलंबी आली की तिची सालं मी डाळिंबाच्या मुळाशी पुरायची आणि मग दोन दिवस मांजरांना हाकलत बसायची. त्या डाळिंबाचे दाणे घातलेली काकडीची कोशिंबीर, आणि तळलेल्या बोंबलावर आमच्याच झाडाचं लिंबू. पुढे मी पुष्कळ ठिकाणी जेवले, पण ताटातल्या दोन गोष्टी आपण स्वतः वाढवलेल्या असाव्यात हे सुख परत मिळालं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. शिवाजी पार्कात सभा असली की लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्याबरोबर आमच्या परसात यायचा, कधी अर्धं वाक्य, कधी नुसत्याच टाळ्या. दादा सभेहून घसा बसवून यायचे. शाळा मध्येच बंद पडायची, कर्फ्यू लागायचा, आणि रस्त्यावर अश्रुधूर सोडला की आई घरातल्या सगळ्या खिडक्यांना ओले पंचे लावायची. मी मात्र मागच्या दारी असायची. कर्फ्यूत बाहेर जायचं नाही, पण बाग काही बाहेर नव्हती. दादाही ऑफिस बंद म्हणून घरी असायचे, आणि मग आम्ही दोघं तासन्‌तास फांद्या बांधायचो. अशाच एका दिवशी अंजिराचं पहिलं पिकलेलं फळ दादांनी तोडलं, दोन भाग केले, मोठा मला दिला आणि म्हणाले, "शाले, तुझा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला. तू हेच शीक."

"हेच म्हणजे?"

"पुण्याला शेतकी कॉलेज आहे. एस.एस.सी. झालीस की पाठवतो."

मी म्हटलं, "मुलींना घेतात?"

"न घ्यायला काय झालं? मी शब्द देतो तुला."

आईने हे आतून ऐकलं असणार, कारण पाट्याचा आवाज थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला. मी मात्र त्या दिवसापासून पुण्यात राहायला गेले. अभ्यास केला तो पुण्यासाठी, गणित नावडतं होतं ते पुण्यासाठी सोसलं. मैत्रिणींना सांगितलं. तारामावशींना तर इतक्यांदा सांगितलं की त्या म्हणायच्या, "होय गो बाय, पाठ झाला माका."

परीक्षा झाली. मे महिना लागला. एका संध्याकाळी दादा चहा पिताना सहज म्हणाले, "रविवारी पाहुणे येणार आहेत. पुण्याचे आहेत, शेतकी कॉलेजात प्रोफेसर होते. हल्ली माटुंग्याला नातेवाइकांकडे मुक्कामाला आहेत. आपली झाडं बघायचीत त्यांना." माझ्या हातातली बशी पडायची राहिली. मी विचारलं, "माझ्याबद्दल सांगितलंत?" दादा बशीत फुंकर घालत म्हणाले, "सांगितलंय ना. तुझ्याबद्दलच तर सांगितलंय."

आता एक अडचण होती. मे महिन्यात पेरू आणि डाळिंबं ताणावर असतात. ताण म्हणजे मुद्दाम पाणी तोडायचं. मडकी कोरडी ठेवायची, पानं मलूल होऊन गळू द्यायची, म्हणजे पावसाच्या तोंडावर पाणी मिळालं की झाड एकदम फुलावर येतं. अर्ध्यात पाणी दिलं तर नुसती पानं फुटतात आणि बहार हातचा जातो. तेव्हा बागेतली निम्मी झाडं अगदी मरायला टेकल्यासारखी दिसत होती. आई म्हणाली, "पाहुण्यांसमोर हे असं? चार बादल्या घाल की." मी म्हटलं, "प्रोफेसर आहेत ते, त्यांना कळेल." आई दादांकडे बघायला लागली. दादा म्हणाले, "राहू दे. तिला कळतं."

रविवारी सकाळी मी मागच्या दारी गेले तर पेरूखालची माती काळी झालेली. खापरी उचलून पाहिलं, मडकं काठोकाठ भरलेलं. डाळिंबांचीही तशीच. मी सकाळी उठायच्या आधी दादांनी विहिरीवरून पाणी काढून सगळी भरली होती. विचारलं तर म्हणाले, "अगं, हिरवं दिसलं पाहिजे. पहिल्यांदा येतायत माणसं." मला रडूच आलं. वर्षाचा बहार गेला म्हणून, आणि मला सांगितलं नाही म्हणूनही. पण प्रोफेसर येणार होते, तेव्हा मी तोंड धुतलं. आईने तिची अंजिरी रेशमी साडी काढून ठेवली होती. मी म्हटलं, मातीत साडी कशाला? ती म्हणाली, "एवढे मोठे लोक येणार, आणि तू परकरात भेटणार? उद्या कॉलेजात जायचंय ना?" तिने माझी वेणी घातली, अबोलीचा गजरा माळला, आणि माळताना तिचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते. मी ते पाहिलं होतं. पाहिलं, पण त्यावरून पुढे काही विचार केला नाही. आज हे लिहिताना मला माझंच नवल वाटतं. मी काही मठ्ठ नव्हते. पण ज्याने मला झाडाचा डोळा, म्हणजे फुटवा जिथून येणार ती जागा, ओळखायला शिकवलं, तोच माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधील हे मनात यायला जागाच नव्हती.

पाहुणे तिघं आले. प्रोफेसर, उंच आणि वाकलेले, कानाला मळकट दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्यांच्या पत्नी. आणि एक तरुण, त्यांचा पुतण्या, पुण्याला नोकरीत होता म्हणे. तो विहिरीपाशीच उभा राहिला. मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. मी प्रोफेसरांना एका टोकापासून सगळं दाखवायला सुरुवात केली. शेंडा कुठे खुडला, कोणता फुटवा ठेवला, धोतराच्या पट्ट्या का. ते वाकून वाकून बघत होते. पेरूपाशी आले तेव्हा त्यांनी ओल्या मातीत बोट घातलं आणि विचारलं, "ताण मोडलात का हो तुम्ही?"

मी म्हटलं, "चुकून पाणी गेलं." दादांसाठी मी खोटं बोलले, आणि तेही अभिमानाने. आमच्या घरातली चूक बाहेरच्यासमोर कशाला?

प्रोफेसर हसले. "तुला ठाऊक आहे म्हणजे ताण काय ते. शाबास. आणि ही मडकी?" मी साडीचा पदर खोचला, मातीत बसले, एक मडकं उकरून रिकामं केलं आणि वात काढून दाखवली. ते म्हणाले, "वा! माटुंग्याला मार्केटच्या मागेच राहतो मी. केव्हाही ये, माझ्याकडे फळझाडांची पुस्तकं आहेत." मला वाटलं, झालं, मी कॉलेजात गेले.

त्यांच्या पत्नीचे प्रश्न जरा वेगळे होते. "स्वयंपाकाची आवड आहे का?" मी हसून म्हटलं, "नाही हो, झाडांपुढे वेळच नसतो." आईच्या हातातल्या पोह्यांच्या बशा खणखणल्या. मग त्यांनी वर्तमानपत्र पुढे करून म्हटलं, "जरा मोठ्याने वाच बघू." मी मोर्च्याची बातमी खडखडीत वाचून दाखवली. कॉलेजात जायचं तर वाचन तपासत असतील, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

तीन-चार दिवसांनी मी लिंबाचं मडकं भरत होते, तर वरून तारामावशींची हाक आली. "काय गो, ठरला म्हणे! पुण्याक चल्लंस!"

"तुम्हाला कुणी सांगितलं? कॉलेजचं कळलं का?"

"कॉलेज खयचा? सासराक गो! तो झिलगो इलेलो मा त्या दिवशी, इहिरीकडे उभो होतो? पसंत केल्यानी तुका. आख्ख्या चाळीक ठाऊक आसा."

मी बादली खाली ठेवली. वर पाहिलं, तर त्यांच्या शेजारच्या गॅलरीतल्या बायकाही माझ्याकडे बघून हसत होत्या, आनंदाने, मायेने. त्या रविवारी याच गॅलऱ्यांत सगळ्या उभ्या होत्या. मी मातीत बसून हातवारे करत मडकं दाखवत होते आणि सगळ्यांना ठाऊक होतं की मला दाखवायला बसवलंय. खाली उभ्या असलेल्या त्या मुलाला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. फक्त मला नव्हतं.

दादा ऑफिसातून आले, बूट काढून नेहमीसारखे मागच्या दारी आले. मी विचारलं, "ते मला बघायला आले होते?"

ते थोडा वेळ अंजिराची पानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "मी खोटं काय सांगितलं? प्रोफेसर आहेतच. पुण्याचेच आहेत. झाडंही पाहिली."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू दार लावून बसली असतीस. तुला मी ओळखत नाही? आणि अशी मोकळी बोललीस म्हणून तर आवडलीस त्यांना. चांगलं स्थळ आहे, शाले. झाडांची कदर असलेलं घर मी शोधून काढलं तुझ्यासाठी. पुढच्या आठवड्यात सुपारी फोडायची."

"तुम्ही शब्द दिला होतात. पुण्याला पाठवतो म्हणून."

त्यावर दादा हसले. वाईट हसणं नव्हतं ते, लाडाचंच होतं, आणि म्हणूनच मला ते आजवर विसरता आलेलं नाही. म्हणाले, "मग? पुण्यालाच तर पाठवतोय."

मी आत गेले. आई चुलीपाशी होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. मी सांगू या म्हणत होते." आणि पोळी उलटली.

त्यानंतर दोन दिवसांनी हरताळ झाला. ट्राम, बस, सगळं बंद. दादा सकाळीच सभेला गेले. आई झोपल्यावर दुपारी मी मागच्या दाराने निघाले आणि चालत माटुंग्याला गेले. पुलावर पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या, रस्त्यावर दगड विखुरलेले, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. एका हवालदाराने दरडावलं, "ए पोरी, कुठं निघालीस?" मी म्हटलं, "प्रोफेसरांकडे, अभ्यासाला." माटुंग्याचं मार्केट ओस पडलं होतं. घर विचारत विचारत सापडलं. प्रोफेसरच दार उघडायला आले आणि मला एकटीला पाहून गोंधळले. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच विचारलं, "मला ठाऊक नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "तुझे वडील म्हणाले, मुलगी लाजाळू आहे, झाडांचं निमित्त करू."

"मग तुम्ही मला विचारलेले प्रश्न खोटे होते?"

"सुरुवातीचे निमित्ताचे होते," ते म्हणाले. "पेरूपासून पुढचे खरे."

"मला कॉलेजात घेतलं असतं?"

त्यांनी चष्म्याचा दोरा परत कानाला अडकवला. मग म्हणाले, "मुली फारशा येत नाहीत. पण तुला घ्यायला पाहिजे होतं."

"मग एवढंच माझ्या वडिलांना सांगा. तुमचं ऐकतील ते."

त्यांनी मान हलवली. "मी मुलाकडचा माणूस आहे, बाळ. मला ते बोलता येणार नाही. आणि लग्नानंतरही वाचता येतं. माझी पुस्तकं आहेतच घरात." आतून त्यांच्या पत्नीने कोण आलंय म्हणून विचारलं, आणि ते अर्धवट वळून म्हणाले, "कुणी नाही, पत्ता विचारतायत." त्या दिवसांत मला पुष्कळ लोकांनी फसवलं, पण समोर उभी असताना 'कुणी नाही' म्हणणारा तो एकटाच. दादांचा राग मला पुढे कमीजास्त होत राहिला. प्रोफेसरांचा तसाच आहे.

मी जिना उतरून फाटकाशी आले तर मागून पावलं वाजली. तो पुतण्या होता. धापा टाकत होता. त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. साधा, घामेजलेला, माझ्याइतकाच घाबरलेला. म्हणाला, "मी ऐकलं आतून. मला वाटलं होतं तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला नको असेल तर मी नाही म्हणून कळवतो."

"कळवा," मी म्हटलं. "पण मी इथे आले होते हे सांगू नका."

"कारण काय सांगू?"

मग तोच खाली बघत म्हणाला, "रंग सावळा आहे म्हणू? वाईट वाटून घेऊ नका. पण त्यावर कुणी पुढे काही विचारत नाही."

मी म्हटलं, "म्हणा." तो परत वर गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही. घरात ऐकलं असेल, पण लक्षात राहिलं नाही. त्या सगळ्या प्रकरणात माझ्याशी सरळ वागलेला एकच माणूस, आणि त्याला मी परत कधी पाहिलं नाही.

मी घरी पोचले तेव्हा आई उठून चहा ठेवत होती. कुठे गेली होतीस, तिने विचारलं नाही. तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

नकार आला तो मध्यस्थाच्या तोंडून. दादा पडवीत ताडकन उठले. "सावळी? परवा पसंत म्हणाले, आणि आज सावळी झाली? रविवारी डोळे नव्हते का त्यांना? शब्द देऊन फिरणारी माणसं!" त्यांचा आवाज चाळीपर्यंत गेला असणार, कारण गॅलऱ्या पटापट रिकाम्या झाल्या. आई तोंडाला पदर लावून आत गेली. मी मागच्या दारी होते. ताण मोडल्यावर व्हायचं तेच झालं होतं. पेरूला एकही कळी नव्हती, नुसती कोवळी पानं तरारून फुटली होती. त्यांना तारेवर नीट बांधायला हवं होतं, म्हणून मी बांधत होते.

पुढे मी माटुंग्याच्याच एका कॉलेजात नाव घातलं. आर्ट्सला, "दुसरं स्थळ येईपर्यंत" म्हणून. स्थळ यायच्या आधी मी शिक्षिका झाले आणि लग्नही माझं मीच ठरवलं. दादांना ते ठरल्यावरच सांगितलं. नोकरीचंही तसंच. आमचं भांडण असं कधी झालं नाही. बागेत आम्ही बरोबरच काम करायचो, तो पेरूचा फुटवा कापू का, हे लिंबाचं मडकं झिरपत नाही, असंच बोलायचो. बाकीचं मी त्यांच्यापाशी बोलायची थांबले, आणि हे त्यांच्या लक्षात आलं की नाही ते मला कळलं नाही.

नकार आला त्या संध्याकाळी मात्र ते पडवीतून मागे आले. माझ्याजवळ उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शाले, त्यांना काय कळतंय? सावळी तर सावळी. तू मनाला लावून घेऊ नकोस." मी त्यांच्याकडे पाहिलं. किती खरं दुःख होतं त्यांच्या तोंडावर! माझ्यासाठी होतं ते, सगळं माझ्यासाठी. एका वाक्यात मी ते पुसून टाकू शकले असते. मी म्हटलं, "नाही लावून घेत, दादा." आणि धोतराच्या पट्टीला गाठ मारली.

मी रडले नाही याचं त्यांना फार कौतुक वाटलं. माझी मुलगी धीराची आहे, तिचा एवढा अपमान झाला तरी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, असं ते पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत असत, आणि मी शेजारीच बसलेली असायची.